चेन बदलायची वेळ पट्टीनं ठरवा

सायकलचा टायर गुळगुळीत झाला की दिसतो, ब्रेकचं रबर संपत आलं की कानाला कळतं. चेन झिजली तर मात्र काहीच कळत नाही. ती फिरत राहते, गिअर पडत राहतात, आणि एक दिवस चढावर उभं राहून जोर लावला की खट्कन दात सोडते. तोवर तिनं मागची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, खाल्लेली असते, कधी पेडलपाशचं पुढचं चेनव्हीलही. कॅसेटच्या मानानं चेन स्वस्त. ती वेळेवर बदलली तर एकाच कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात. उशीर केला तर पहिल्याच चेनबरोबर कॅसेटही जाते. म्हणून महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, चेन मोजावी असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यासाठी सायकल दुकानात न्यावी लागत नाही.

झीज नेमकी कुठं होते

मोजण्याआधी हे समजून घेतलेलं बरं, म्हणजे पट्टी कुठं लावायची ते पाठ करावं लागत नाही.

चेनच्या एका पिनपासून लगतच्या पिनपर्यंतच्या भागाला आपण एक कडी म्हणू. दुकानदार ‘एकशे सोळा लिंकची चेन’ म्हणतो तेव्हा याच कड्या मोजत असतो. कडीची लांबी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. रोलर असलेली ही चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला तयार केली, आणि आजची सायकल कुठल्याही देशातली असो, तिच्या चेनचं माप अर्ध्या इंचाचंच आहे. शिमानोनं १९७० च्या दशकात १० मि.मी. कडीची चेन काढून पाहिली होती, पण ती टिकली नाही. अर्ध्या इंचाचं माप सगळीकडे एकच असल्यामुळे एकाच पट्टीनं काळी स्टँडर्ड सायकलही मोजता येते आणि बारा गिअरची रेसिंग सायकलही.

कड्या दोन प्रकारच्या असतात आणि आलटून पालटून येतात. बाहेरच्या कडीत दोन्ही पिना पट्ट्यांमध्ये घट्ट ठोकलेल्या असतात. त्यांच्यातलं अंतर चेन कितीही जुनी झाली तरी बदलत नाही. आतल्या कडीची गोष्ट वेगळी. तिच्या पट्ट्यांना आतल्या अंगाला गोल कॉलर असतात, त्या कॉलरमध्ये पिन फिरते आणि वरून रोलर बसलेला असतो. चेन चेनव्हीलवर चढताना, उतरताना, मागच्या चाकावर आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या लहान चाकांवर वळताना दर वेळी पिन त्या कॉलरमध्ये घासते. तिथं धूळ आणि पाणी शिरलं की धातू झिजतो आणि सांधा ढिला होतो. चेन लांब होते ती या ढिलाईमुळे. पट्ट्यांचं पोलाद ताणलं जातं म्हणून नव्हे.

एका सांध्यातली झीज केसाच्या जाडीएवढी. डोळ्यांना ती दिसणं शक्यच नाही. पण २४ कड्यांच्या २४ सांध्यांतली झीज एकापुढे एक जमा झाली की दीड मि.मी. होते, आणि दीड मि.मी. पट्टीवर स्वच्छ वाचता येतो. यातूनच मोजणीचा एक नियम निघतो: कड्यांची संख्या नेहमी सम घ्यायची. विषम घेतली तर एखादी न झिजणारी बाहेरची कडी किंवा झिजलेली आतली कडी जास्तीची मापात येते आणि आकडा चुकतो.

काय काय लागेल

स्टीलची दोन फुटी पट्टी. हार्डवेअरच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळते. एक फुटी पट्टीवर भागत नाही, कारण पिन बारा इंचांच्या पुढे किती गेली हेच तर आपल्याला वाचायचं आहे. मुलांच्या दप्तरातली प्लॅस्टिकची पट्टी तर बाजूलाच ठेवा. ती बहुतेक वेळा ३० सें.मी.ची असते आणि ३० सें.मी. म्हणजे बारा इंच नव्हेत, पाच मि.मी. कमी. शिंप्याची टेपही नको, ती स्वतःच ताणली जाते. पट्टीवर एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मि.मी. असले तर उत्तम.

याशिवाय जुनं फडकं, जुना टूथब्रश, वाटीभर रॉकेल किंवा डिझेल, आणि ब्रेकची मूठ बांधून ठेवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. पेट्रोल वापरू नका. ते पटकन पेट घेतं, आणि अंगणात किंवा बाल्कनीत करायच्या कामाला एवढी जोखीम घेण्याची गरज नाही. उजेड भरपूर हवा. सकाळचं ऊन मिळालं तर बॅटरी लागत नाही.

मोजणी

चेनचा सबंध पट्टा धुवून काढायची गरज नाही. चेनच्या वरच्या भागातल्या पिनांची डोकी स्पष्ट दिसतील एवढंच पुसा. ब्रशला किंचित रॉकेल लावून घासा आणि कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. पिनची कड काळ्या चिखलाखाली गेलेली असेल तर अर्ध्या मि.मी.ची चूक सहज होते आणि इथं सगळा खेळच दीड-दोन मि.मी.चा आहे.

सायकल भिंतीला टेकवा. मागच्या ब्रेकची मूठ दाबून ट्यूबच्या तुकड्यानं हँडलला बांधून टाका. आता उजवा पेडल पुढं घेऊन हातानं खाली दाबा. मागचं चाक अडलेलं असल्यामुळे चेनचा वरचा भाग ताठ होईल. घरातलं कुणी पेडल दाबून धरायला आलं तर तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील. ताण बेताचा पुरे, पण हवाच. सैल चेनवर घेतलेलं माप कमी येतं आणि खोटा दिलासा देतं.

पट्टीची एक इंचाची रेघ एखाद्या पिनच्या डाव्या कडेला लावा. पट्टीच्या टोकापासून मोजू नका, कारण टोक घासलेलं किंवा किंचित वाकलेलं असतं. पिनचा मध्यही धरू नका, तो नजरेनं नेमका सापडत नाही. कड ते कड हेच माप खरं. डोळा पट्टीच्या अगदी समोर आणा, तिरकं पाहू नका. मग तिथून पुढं चोवीस कड्या मोजत जा आणि चोविसाव्या पिनची डावी कड तेरा इंचांच्या रेघेपाशी कुठं येते ते पाहा.

नवी चेन असेल तर कड बरोबर रेघेवर बसते, म्हणजे बारा इंच, ३०४.८ मि.मी. वापरलेल्या चेनची कड रेघ ओलांडून थोडी पुढं गेलेली दिसेल. किती पुढं, ते मि.मी.मध्ये वाचून लिहून ठेवा.

मग पेडल थोडा फिरवून चेनचा दुसरा भाग वर आणा आणि पुन्हा मोजा. निदान तीन ठिकाणी. झीज सगळीकडे सारखी नसते: कधी काही कड्या नंतर घातलेल्या असतात, कधी एका भागाला तेलच पोहोचलेलं नसतं. क्विक लिंक, म्हणजे उघडता येणारी जोडकडी, मध्ये येणार नाही अशी सुरुवात निवडा, तिची झीज बाकी चेनपेक्षा वेगळी असू शकते. तीन मापांत सर्वांत मोठं माप ग्राह्य धरा, सरासरी काढत बसू नका.

चेन पूर्ण झाकणाऱ्या कव्हरच्या सायकलला ते कव्हर आधी खोलावं लागतं. तेवढा खटाटोप दर महिन्याला नको असेल तर मागच्या चाकाच्या ॲडजस्टरवर लक्ष ठेवा. चेन सैल झाली की चाक मागं ओढून आपण ती ताठ करतो; नव्या चेनवरून सुरुवात करून चाक बरंच मागं सरकलं असेल तर कव्हर खोलून मोजायची वेळ आली.

किती झाली की बदलायची

दीड मि.मी. म्हणजे अर्धा टक्का झीज. मागं अकरा किंवा बारा गिअर असतील तर इथंच चेन बदला. या चेन अरुंद असतात, त्यांच्या कॅसेटचे दातही पातळ असतात आणि कॅसेटची किंमत भरमसाट असते. इथं वाट पाहून काहीही वाचत नाही.

सव्वादोन मि.मी. म्हणजे पाऊण टक्का. दहा किंवा त्याहून कमी गिअरच्या सायकलींसाठी ही मर्यादा. आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या सायकली याच गटात येतात.

तीन मि.मी. म्हणजे एक टक्का. बिनगिअरच्या सायकलीला आणि हबच्या आत गिअर असलेल्या सायकलीला इथपर्यंत चालतं. तिथं चेन एकाच रेषेत धावते, दात जाड असतात. काळ्या स्टँडर्ड सायकलवर दूध किंवा पेपर टाकणाऱ्यानं एवढंही काटेकोर नाही राहिलं तरी चालेल, असं मला वाटतं. त्या सायकलीचं फ्रीव्हील स्वस्त मिळतं आणि चेन, फ्रीव्हील, चेनव्हील तिन्ही एकमेकांबरोबर झिजू देऊन एकदमच बदलण्याची तिथली रीत हिशेबाला धरून आहे. फक्त चेन उतरायला लागली की थांबू नये; भर रहदारीत चेन पडली की माणूसही पडतो.

माप दीडच्या खाली असेल तर तेल घाला आणि चालवा. पण एकाच्या पुढं गेलं असेल तर नवी चेन आणून ठेवा. कॉलर आणि पिन यांच्यावरचा कठीण थर एकदा निघून गेला की पुढची झीज अनेकदा आधीपेक्षा भरभर होते.

किलोमीटरवरून ठरवू नका. कुणाची चेन दीड हजार किलोमीटरला जाते, कुणाची पाच हजारांच्या पुढं टिकते. कोरड्या हवेत डांबरी रस्त्यावर फिरणारी चेन आणि ताम्हिणी घाटाच्या पावसात न्हालेली चेन यांची तुलनाच होत नाही. कोकण किनाऱ्याच्या रस्त्यानं रेवसपासून रेडीपर्यंत जाणारे सायकलस्वार वाटेत फेरीबोटी घेतात, जेट्टीवर खारं पाणी उडतं, पुळणीवर वाळू चढते. तशा एका आठवड्यानंतरचं माप पाहिलं की किलोमीटरचा भरवसा उरत नाही.

चेनव्हीलच्या पुढच्या बाजूनं चेन चिमटीत धरून ओढायची आणि दाताखाली उजेड दिसला की चेन गेली म्हणायचं, ही रीत बऱ्याच ठिकाणी चालते. ती चुकीची नाही, पण उशिराची आहे. उजेड दिसेपर्यंत अकरा गिअरच्या कॅसेटचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

चेन चेकर घ्यावा का

घ्यायला हरकत नाही, झीज मोजायच्या या हत्यारानं दहा सेकंदांत काम होतं. चेनमध्ये एक टोक अडकवायचं, दुसरं टोक खाली सोडायचं. पूर्ण बसलं तर चेन चेकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी झिजली. हातानं दाबून बसवायचं नाही, स्वतःच्या वजनानं बसलं तरच धरायचं.

मात्र बरेचसे स्वस्त चेकर दोन रोलर एकमेकांपासून विरुद्ध दिशांना ढकलून अंतर मोजतात. रोलर कॉलरवर मुळातच थोडे सैल असतात. ती ढिलाईही मापात मिसळते आणि चेन आहे त्यापेक्षा जास्त झिजलेली दिसते. रोलर एकाच दिशेला दाबून मोजणारे तीन टेकूंचे चेकर, उदाहरणार्थ शिमानोचा टीएल-सीएन ४२ किंवा पार्क टूलचा सीसी-४, जास्त विश्वासाचे. सरॅमच्या सपाट कडेच्या रोड चेनचे रोलर नेहमीपेक्षा मोठे असतात, तिथं साधा चेकर चक्क चुकीचं उत्तर देतो. पट्टीला रोलरशी देणंघेणं नाही, ती पिन ते पिन मोजते. चेकर आणि पट्टी यांचं जमलं नाही तर पट्टीचं ऐका.

नवी चेन बसवताना

चेन घेताना मागच्या गिअरची संख्या सांगा. सहा, सात, आठ गिअरना एकच चेन चालते. नऊ, दहा, अकरा, बारा यांची प्रत्येकाची वेगळी आणि क्रमानं अरुंद होत जाणारी. बिनगिअरची चेन सर्वांत रुंद. तीही दोन रुंदीत मिळते, तेव्हा जुन्या चेनचा तुकडा दाखवलेला बरा.

जुनी काढण्याआधी डिरेलरमधून चेन कशी गेली आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दोन लहान चाकांच्या मध्ये एक छोटी पट्टी असते. चेन तिच्या चुकीच्या बाजूनं गेली की घासत राहते आणि कारण सापडत नाही. मग पुढं आणि मागं सर्वांत लहान चाकावर चेन आणून सैल करा, क्विक लिंक पक्कडीनं उघडा. क्विक लिंक नसेल तर चेन कटरनं एक पिन ढकलून काढा.

आता जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगा. दोन्हींच्या पहिल्या पिना एका रेषेत ठेवा आणि नजर हळूहळू खाली न्या. वरच्या दहा कड्यांत फरक जाणवतही नाही. तिसाच्या आसपास जुन्या चेनची पिन किंचित खाली सरकलेली दिसते, साठाला ती स्पष्ट खाली गेलेली असते, आणि एक टक्का झिजलेल्या चेनची शंभरावी पिन नव्या चेनच्या एकशे एकाव्या पिनशी जाऊन भिडते. एक अख्खी कडी! सायकल चालवणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी हे डोळ्यांनी पाहावं. मोजणीचा कंटाळा त्यानंतर येत नाही.

यातूनच पुढची खबरदारी कळते. नवी चेन जुनीच्या लांबीला लांबी लावून तोडू नका, कड्या मोजून तोडा. लांबी लावून तोडली तर एक कडी जास्त राहील. जुनी चेनच कुणी चुकीच्या लांबीची बसवलेली असण्याची शंका असेल, तर डिरेलर सोडून नवी चेन थेट पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकावरून गुंडाळा, टोकं जिथं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवा. मागं सस्पेन्शन नसलेल्या सायकलला हे माप बरोबर बसतं. क्विक लिंक लावणार असाल तर चेनची दोन्ही टोकं आतल्या कडीची हवीत.

चेनवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनं. अक्षरं एकाच बाजूला असतील तर ती बाहेर दिसतील अशी. क्विक लिंक हातानं अडकवून ती चेनच्या वरच्या भागात आणा, मागचा ब्रेक धरा आणि पेडल जोरात दाबा; टक् असा आवाज आला की ती बसली. दहा गिअरपासून पुढच्या बऱ्याचशा क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, जुनी पुन्हा लावू नका. बिनगिअरच्या चेनला क्लिपचं लॉक असतं. त्याचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला, उघडं तोंड मागं. उलटं बसलं तर वाटेत कुठंतरी निसटतं.

नव्या चेनवर कंपनीचं ग्रीस असतं. ते रॉकेलनं धुवून टाकण्याची घाई करू नका. बाहेरचं तेवढं फडक्यानं पुसा, म्हणजे धूळ चिकटणार नाही. सांध्यांच्या आतलं ग्रीस राहू द्या. उरलेल्या दोन-तीन कड्या आणि जास्तीची क्विक लिंक सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

कॅसेटची परीक्षा

झिजलेल्या चेनचे रोलर दाताच्या मुळाशी बसत नाहीत, वर चढतात. सगळा भार मग मोजक्या दातांवर येतो आणि त्या दातांना खाच पडते. जुनी चेन त्या खाचेत बरोबर बसते, कारण दोघी एकमेकींबरोबर झिजलेल्या. नवी चेन बसत नाही आणि जोर लागला की उडी मारते.

नुसतं पाहून कॅसेट गेली की राहिली हे ठरवू नका. गिअर सहज पडावेत म्हणून कॅसेटचे काही दात मुळातच आखूड किंवा तिरके कापलेले असतात आणि नवी कॅसेटही झिजल्यासारखी वाटते. खरी परीक्षा नवी चेन बसवल्यावर, रस्त्यावरची. मोकळा, सौम्य चढाचा रस्ता निवडा, सीटवर बसूनच एकेका गिअरमध्ये जोर वाढवत न्या. उभं राहून करू नका. चेननं दात सोडला तर तोंडावर पडाल. तुमच्या रोजच्या दोन-तीन गिअरकडे विशेष लक्ष द्या, तेच आधी जातात. दोन दिवसांनंतरही एखाद्या गिअरमध्ये चेन उडत असेल तर कॅसेट बदलण्याला पर्याय नाही. अशा वेळी जुनी चेन परत चढवून काही महिने ढकलणारे असतात. ते चेनव्हीलही गमावून बसतात.

नवी चेन टिकवायची तर

तेल बाहेर नको, सांध्यात हवं. पेडल उलटा फिरवत चेनच्या खालच्या भागावर आतल्या बाजूनं प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल कोरडं होईपर्यंत पुसून काढा. ओल्या दिसणाऱ्या चेनवर धूळ बसते आणि तेल-धुळीचं काळं मिश्रण धातूला कानशीसारखं कातरत राहतं. गाडीचं काळं झालेलं इंजिन ऑइल चेनला घालण्याची आपल्याकडची सवय याच कारणानं सोडायला हवी. त्यात धातूचे बारीक कण आधीपासूनच असतात. गंज सोडवण्याचा स्प्रे हेही वंगण नव्हे. पावसातून आलात की चेन त्याच दिवशी पुसून तेल द्या, सकाळपर्यंत ठेवू नका.

पंढरीच्या सायकलवारीला किंवा दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठराविक वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेरीला, निघणार असाल तर चेन निदान दोन आठवडे आधी मोजा आणि बदलायची झाली तर लगेच बदला. निघायच्या आदल्या रात्री नवी चेन बसवू नका. जुन्या कॅसेटवर ती उडते की नाही, हे जोर लावल्यावरच कळतं, आणि घाटात बदलून द्यायला दुकान नसतं.